प्रकल्प नोंदी: १९९७ ची डॉज रॅम २५०० आणि तिच्या टॉर्क कन्व्हर्टरचा स्टॉल स्पीड

९ मार्च २०२४, शनिवार. कोलंबस, इंडियाना

नोव्हेंबरात घेतलेल्या या पिकअपच्या कामाची नोंद आजपासून ठेवत आहे. गाडीत कमिन्सचे ५.९ लिटरचे, सहा सिलिंडर आणि बारा व्हॉल्व्ह असलेले डिझेल इंजिन, त्यावर बॉशचा पी-७१०० इंजेक्शन पंप आणि मागे ४७आरई हा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. कारखान्यातून निघताना हे इंजिन १८० अश्वशक्ती आणि मिनिटाला १,६०० फेऱ्यांना ४२० पौंड-फूट, म्हणजे सुमारे ५७० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवणारा जोर) देत असे; पुढेही फेरे म्हणजे दर मिनिटाचे. हाताने गिअर बदलायच्या गाडीत तेच इंजिन २१५ अश्वशक्तीचे होते. आधीच्या मालकाने थोडा मोठा टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) बसवला, पंपाचे डिझेल वाढवले आणि बाजारातला टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाचा जोर ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा डबा, घातला. त्याच्या पावतीवर ‘स्टॉल १,८००’ एवढेच लिहिले आहे.

तक्रार अशी की, मागे चार टनांचा ट्रेलर असताना चढावर गाडी उभी राहिली, तर पुन्हा निघताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही दोन-तीन सेकंद जवळपास काहीच घडत नाही. ताशी तीसच्या पुढे गेल्यावर गाडी नीट खेचू लागते आणि हमरस्त्यावर तर तिच्याबद्दल बोलायला जागा नाही.

घरी शब्दावरून घोटाळा झाला, म्हणून लिहून ठेवतो. येथे स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणे नव्हे. गिअर टाकलेला, चाके ब्रेकने रोखलेली आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना इंजिन जास्तीत जास्त जेवढ्या फेऱ्यांपर्यंत चढते, तो स्टॉल स्पीड. कन्व्हर्टरच्या आत इंजिनाला जोडलेला इंपेलर ऑइल बाहेर फेकतो, ते ऑइल गिअरबॉक्सकडच्या टर्बाइनवर आदळते आणि मधला स्टेटर परतणाऱ्या ऑइलची दिशा बदलून ते पुन्हा इंपेलरच्या उपयोगी पडेल असे वळवतो. गाडी जागेवर असताना याच वळवण्यामुळे टॉर्क साधारण दुप्पट होतो. टर्बाइन स्थिर असेल तर इंपेलरला फिरवण्यासाठी लागणारा टॉर्क फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातो, आणि इंजिनाचा टॉर्क व ही मागणी जिथे समान होतात तिथे काटा थांबतो. म्हणजे हा आकडा कन्व्हर्टरचा एकट्याचा नसून इंजिन आणि कन्व्हर्टर या दोघांचा मिळून आहे. पावतीवरच्या १,८०० च्या शेजारी ‘किती टॉर्कला’ हे लिहिलेले नाही, तोवर त्या आकड्याला मी अर्धाच आकडा मानतो.

१६ मार्च, शनिवार

पहिली चाचणी झाली. तयारीलाच चार तास लागले आणि ते लागायलाच हवेत.

कन्व्हर्टरमधली दुप्पट, पहिल्या गिअरचे २.४५ हे प्रमाण आणि मागच्या ॲक्सलचे ३.५४ हे प्रमाण यांचा गुणाकार केला, तर इंजिनाच्या ५४० न्यूटन-मीटर टॉर्कचे चाकांपाशी ९,३०० च्या वर होतात. टायरच्या त्रिज्येने भागल्यावर गाडीला पुढे ढकलणारा जोर सुमारे अडीच टन भरतो. रिकाम्या पिकअपची मागची चाके एवढ्या जोराला ब्रेक लागलेले असतानाही घसरू शकतात. म्हणून भरलेला ट्रेलर जोडूनच ठेवला, फोर-व्हील घातला, चारही चाकांना ठोकळे दिले, हँडब्रेक ओढला आणि गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही उभे राहायचे नाही हे आधीच ठरवले. फेरे मोजायला डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबलो नाही. क्रँकच्या पुलीवर चकाकती पट्टी चिकटवली, प्रकाशाने फेरे मोजणारे यंत्र चुंबकी स्टँडवर बसवले आणि समोर मोबाइल चित्रणाला लावून ठेवला. ऑइलच्या तापमानाचा सेन्सर गिअरबॉक्सच्या तळाला न लावता कन्व्हर्टरमधून निघून कूलरकडे जाणाऱ्या नळीवर लावला, कारण उष्णता जन्मते ती कन्व्हर्टरमध्ये, आणि तळातल्या ऑइलला तिची बातमी फार उशिरा कळते.

आधी वीस किलोमीटर चालवून ऑइल ७२ अंशांवर आणले. शेजारचे काका ट्रेलरच्या बाजूला, सुरक्षित अंतरावर घड्याळ धरून उभे राहिले. त्यांनी आयुष्यभर मालट्रक चालवले आहेत. ड्राइव्ह टाकला, डाव्या पायाने ब्रेक जितका दाबता येईल तितका दाबला आणि उजव्या पायाने ॲक्सिलरेटर तळाला नेला. गाडीचे नाक किंचित वर उचलले गेले, इंजिनाचा आवाज भरदार झाला पण चढला नाही, आणि पाच सेकंद होताच पाय काढून न्यूट्रल केला.

नोंद: १,४८० फेरे. बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब, जेमतेम २ पीएसआय (चौरस इंचाला पौंड). रिव्हर्समध्येही १,४८०.

न्यूट्रलमध्ये १,००० फेऱ्यांवर इंजिन चालू ठेवले, तेव्हा नळीवरचे तापमान ७२ वरून चढत चढत १०१ ला गेले आणि मग उतरू लागले. पाय दाबलेला असताना ते फारसे हलले नव्हते. तापलेले ऑइल कन्व्हर्टरमधून बाहेर यायला वेळ लागतो, एवढाच त्याचा अर्थ. पाच सेकंदांच्या मर्यादेचे महत्त्व मला ही आकडेवारी डोळ्यांसमोर चढताना पाहून पटले. स्टॉलच्या वेळी चाके फिरत नाहीत, त्यामुळे इंजिनाची सगळी शक्ती ऑइल तापवण्यात जाते. ५४० न्यूटन-मीटर आणि १,७०० फेरे धरले तर ती ९६ किलोवॅट होते. कन्व्हर्टरमध्ये आठ लिटर ऑइल धरले आणि सगळी उष्णता त्यातच राहिली असे मानले, तर पाच सेकंदांत ते ३५ अंशांनी तापेल. तीस सेकंद पाय दाबून ठेवणाऱ्याचे सील आणि क्लच वाचणार नाहीत.

१७ मार्च, रविवार

काल संध्याकाळी आकडे एका गिअरबॉक्स दुरुस्त करणाऱ्या गॅरेजला कळवले. त्यांनी गाडी न पाहताच सांगितले की, स्टेटरचा वन-वे क्लच, म्हणजे त्याला एकाच दिशेने फिरू देणारा भाग, गेला आहे, कन्व्हर्टर बदला.

हे मत अगदीच निराधार नाही. क्रायस्लरच्या दुरुस्ती-पुस्तिकेत असा संकेत आहे की, इंजिन ठीक असूनही स्टॉल स्पीड नेहमीपेक्षा २५० ते ३५० फेऱ्यांनी कमी येत असेल, निघताना गाडी मरगळलेली आणि हमरस्त्यावर मात्र व्यवस्थित चालत असेल, तर स्टेटर त्याच्या क्लचवर घसरतो आहे. स्टेटर घसरला की ऑइल वळवले जात नाही आणि टॉर्क दुप्पट होत नाही. पावतीवरच्या १,८०० पेक्षा माझी तूट ३२० ची, लक्षणेही जशीच्या तशी. तरीही त्या वाक्यातले ‘इंजिन ठीक असूनही’ हे शब्द मला ओलांडता येत नाहीत.

२३ मार्च, शनिवार

चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिली आणि फेऱ्यांकडे न पाहता मागच्या धुराड्याकडे पाहिले. धूर नाही. पंपाचे डिझेल वाढवलेले, टर्बो मोठा, फेरे १,५०० च्या आत, ॲक्सिलरेटर तळाला, आणि धुराड्यातून पातळ राखाडी रेघ! अशा इंजिनाने त्या पाच सेकंदांत काळा ढग सोडायला हवा होता. हवा कमी आणि धूरही नाही, याचा सरळ अर्थ सिलिंडरमध्ये डिझेलच पोहोचत नाही.

या पंपावर बूस्टनुसार डिझेल वाढवणारा पडदा असतो. टर्बोचा दाब एका बारीक नळीतून त्या पडद्यावर येतो, आणि जोवर तो येत नाही तोवर पंपाला पूर्ण डिझेल देऊ दिले जात नाही. ती नळी हाताने वाकवली तर पंपाच्या तोंडाशी, पितळी जोडाच्या आत लपलेली, करंगळीच्या नखाएवढी चीर उघडली. सरळ पाहिले तर ती दिसतच नाही. मग टर्बोचे तोंड बंद करून कंप्रेसरने १५ पीएसआय हवा भरली आणि सगळ्या जोडांवर साबणाचे पाणी मारले, तेव्हा इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणाऱ्या जाळीच्या) उजव्या रबरी नळीखालीही, क्लॅम्पच्या कडेला, फेस उठला. थोडा बूस्ट तिथून बाहेर जात होता आणि उरलेल्याची खबर पंपाला मिळत नव्हती. दोन्ही नळ्या आणि चारही क्लॅम्प बदलले. खर्च कन्व्हर्टरच्या किमतीच्या विसाव्या भागाइतकाही झाला नाही.

३० मार्च, शनिवार

तीच जागा, तोच ट्रेलर, ऑइल ७४ अंश. ड्राइव्हमध्ये १,७१० फेरे, बूस्ट ९ पीएसआय, सुरुवातीला काळा धूर आणि तिसऱ्या सेकंदापासून तो विरळ. रिव्हर्समध्ये १,७००.

स्टेटर निर्दोष ठरला. घसरणारा वन-वे क्लच रबरी नळी बदलून दुरुस्त होत नाही.

आज मला सर्वांत मोलाची वाटली ती यातून निघणारी मोजणी. कन्व्हर्टर तोच, ऑइल जवळपास तितकेच गरम, त्यामुळे टॉर्क फेऱ्यांच्या वर्गाप्रमाणे बदलला असे धरता येते. १,७१० भागिले १,४८० म्हणजे १.१५५, आणि त्याचा वर्ग १.३३. तेव्हा त्या दोन गळत्या निघताना मिळणाऱ्या टॉर्कचा पाव भाग गिळत होत्या, आणि त्या बंद केल्यावर तो ३३ टक्क्यांनी वाढला. इंजिन गाडीतून न काढता, डायनॅमोमीटरवर (टॉर्क मोजणाऱ्या यंत्रावर) न नेता ही तुलना हाती आली.

पुण्यात मी बारा वर्षे डिझेल जनरेटरची देखभाल केली. तिथे एखादे इंजिन कमजोर वाटले की आम्ही त्याला लोड बँक जोडायचो, म्हणजे वीज निव्वळ तापवायच्या कामी खर्च करणारी रोधकांची पेटी, आणि किती किलोवॅटला इंजिन दमते ते पाहायचो. रोखलेल्या चाकांवरचा टॉर्क कन्व्हर्टर हीच पेटी आहे, फक्त रोधकांच्या जागी ऑइल आहे. विल्यम फ्रूड यांनी १८७७ मध्ये जहाजांची इंजिने मोजण्यासाठी पाणी घुसळणारा ब्रेक तयार केला, त्यातही घुसळणीला लागणारा टॉर्क असाच फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. हेर्मान फॉटिंगर यांनी १९०५ मध्ये जर्मनीत कन्व्हर्टरचे पेटंट घेतले तेही जहाजांसाठीच, टर्बाइनची शक्ती पंख्यापर्यंत न्यायला. माझ्या गाडीखालचा डबा त्या घराण्यातला आहे, हे ध्यानात आल्यावर स्टॉल चाचणीकडे मी गिअरबॉक्सची चाचणी म्हणून पाहणे सोडून दिले. ती आधी इंजिनाची चाचणी आहे.

६ एप्रिल, शनिवार

क्लच घसरत असतील तर स्टॉल स्पीड फसवा वर चढतो आणि दुबळे इंजिनही धडधाकट दिसते. हा संशय काढून टाकण्यासाठी गिअरबॉक्सचा ऑइलदाब मोजला. गिअरचा दांडा ‘१’ वर ठेवून, १,००० फेऱ्यांवर, थ्रॉटलचा लिव्हर पुढे असताना ५७ पीएसआय आणि पूर्ण मागे ओढल्यावर ९४. पुस्तिकेतील ५४ ते ६० आणि ९० ते ९६ या मर्यादांत दोन्ही बसतात. थ्रॉटल केबलची लांबी योग्य आहे.

२० एप्रिल, शनिवार

आज एक प्रयोग केला आणि तो मागे घेतला. १,७१० आणि पावतीवरचे १,८०० यांतला फरक मनातून जात नव्हता. पंपावरच्या पडद्याखालचे दातेरी चाक चार दाते फिरवले, म्हणजे बूस्ट येण्याआधीच डिझेल सुटू लागेल. स्टॉल १,७६० झाला, पण धूर एवढा की ट्रेलर दिसेनासा झाला आणि एक्झॉस्टचे तापमान काटा पाहवणार नाही अशा वेगाने चढले. उरलेले ९० फेरे गाठायला सुमारे ११ टक्के जादा टॉर्क लागेल आणि तो या मार्गाने मिळवणे म्हणजे जाळता न येणारे डिझेल ओतणे. चाक पूर्वीच्या जागी आणले.

काकांनी उलट बाजूने विचारले की, मग अधिक सैल, म्हणजे २,१०० स्टॉलचा कन्व्हर्टर का घालू नये, इंजिन निघतानाच बूस्टमध्ये जाईल. प्रश्न रास्त आहे आणि पेट्रोल इंजिनाच्या बाबतीत मी कदाचित होकार दिला असता. पण या इंजिनाचा टॉर्क १,६०० च्या आसपास सर्वांत जास्त असतो आणि फेऱ्यांना आवर घालणारा गव्हर्नर साधारण २,७०० च्या पुढे जाऊ देत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा लॉकअप क्लच लागेपर्यंतचा सगळा वेळ कन्व्हर्टर घसरतच असतो, आणि सैल कन्व्हर्टरमध्ये ओझे ओढताना तेवढी जास्त शक्ती ऑइलमध्ये जाते. याउलट कन्व्हर्टर फार घट्ट घेतला, तर इंजिन १,४०० च्या आसपास अडकून राहील, टर्बो जागा होणार नाही आणि मार्चमधली मरगळ कायमची होईल. टॉर्कच्या शिखराच्या किंचित वर, १,७०० च्या आगेमागे, या इंजिनाला मोकळा श्वासही मिळतो आणि ऑइलही फार तापत नाही. जो आहे तोच ठेवायचा.

४ मे, शनिवार

स्टेट रोड ४६ ने पश्चिमेला ब्राउन काउंटीच्या टेकड्यांत नॅशव्हिल गावापर्यंत ट्रेलरसह जाऊन आलो. चढावर तीन वेळा मुद्दाम थांबून पुन्हा निघालो. ॲक्सिलरेटर अर्धा दाबताच गाडी उचलते. नळीवरचे सर्वाधिक तापमान ११२ अंश, तेही रस्त्यावर नव्हे, तर परतल्यावर ट्रेलर अंगणाच्या चढावर मागे ढकलताना आले. सावकाश आणि ओझ्यासह मागे जाणे हे कन्व्हर्टरला घाटापेक्षा कठीण जाते. पुढच्या वेळी ट्रेलर असा लावायचा की चढ पुढच्या गिअरने घेता येईल.

१० ऑगस्ट, शनिवार. डिलन, कोलोराडो

काका आणि मी, आम्ही दोघांनी हिवाळ्यात दुरुस्त केलेला फळबागेचा जुना ट्रॅक्टर ग्रँड जंक्शनजवळच्या बागायतदाराकडे पोहोचवायला निघालो आहोत. इंडियानापोलिसपासून आंतरराज्य ७० हा महामार्ग एकदाच धरला की डेन्व्हर ओलांडेपर्यंत सोडावा लागत नाही.

आयझेनहॉवर बोगद्याचा चढ चढताना लॉकअप क्लच लागलेला होता, त्यामुळे स्टॉल स्पीडचा तिथे काही संबंध नव्हता. इंजिन आणि गिअरबॉक्स एकसंध फिरत होते, ऑइल ८८ अंशांवर स्थिर. परंतु बोगद्याच्या अलीकडे वाहने तुंबली. ३,४०० मीटरच्या जवळ, सहा-सात टक्क्यांच्या चढावर, दहा-दहा मीटर सरकायचे आणि थांबायचे. पाच-सहा वेळा असे झाल्यावर नळीचा काटा १२४ ला पोहोचला आणि तळव्याखालच्या कार्पेटमधून ऊब जाणवू लागली. मग पद्धत बदलली. पुढच्या गाडीमागे सरकत न जाता शंभर मीटर मोकळे होईपर्यंत न्यूट्रलमध्ये १,२०० फेऱ्यांवर थांबायचे, म्हणजे ऑइल कूलरमधून फिरत राहते, आणि मग एकदाच ठामपणे निघून तेवढे अंतर कापायचे. तिसऱ्या खेपेला काटा १०५ वर आला. मागच्या चालकांनी हॉर्न वाजवले. त्यांची गैरसोय झाली याचे वाईट वाटते, पण चार टन ओझे त्या चढावर गिअरबॉक्सविना उभे राहिले असते तर त्यांना रात्र तिथेच काढावी लागली असती.

बोगदा ओलांडून डिलनला मुक्काम. हे गाव सुमारे ९,१०० फुटांवर आहे आणि हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ७१ टक्क्यांच्या आसपास भरतो. वाहनतळाच्या रिकाम्या कोपऱ्यात, त्याच खबरदारीने, एकच चाचणी घेतली.

नोंद: १,५६० फेरे, बूस्ट ६ पीएसआय, ऑइल ७६ अंश, धूर दाट.

वर्गाचा हिशेब केला तर टॉर्क कोलंबसच्या ८३ टक्के. हवा २९ टक्क्यांनी विरळ असूनही टॉर्क १७ टक्क्यांनीच घटला, बाकीची भरपाई टर्बोने केली. गाडीत काहीही बिघडलेले नसताना आकडा १५० ने खाली आला आहे. मार्चमध्ये ‘स्टेटर गेला’ म्हणणाऱ्याने हाच आकडा पाहिला असता, तर पुन्हा तेच सांगितले असते. आणि घट्ट कन्व्हर्टर घातला असता, तर कोलंबसमध्ये कदाचित निभावले असते, परंतु आजच्या त्या रांगेत इंजिन १,३०० च्या वर आले असते असे मला वाटत नाही.

२४ ऑगस्ट, शनिवार. कोलंबस

परत आल्यावर गिअरबॉक्सचे तळपात्र उतरवले. चुंबकावर राखाडी, बोटांत विरघळणारा लेप आहे, चकाकणारा कण एकही नाही. ऑइल लाल आहे आणि जळका वास नाही. फिल्टर बदलला, एटीएफ+४ हे गिअरबॉक्सचे ऑइल भरले आणि बोनेट उघडे असतानाच कूलरच्या नळीतला एकदिशा व्हॉल्व्ह काढून पाहिला, कारण तो तुंबला तर कन्व्हर्टरचे ऑइल कूलरपर्यंत पोहोचतच नाही. तो स्वच्छ होता.

संध्याकाळी ३१ अंशांच्या उकाड्यात पुन्हा चाचणी: ड्राइव्हमध्ये १,६९०, बूस्ट ९, ऑइल ७५. मार्चमधला थंड दिवस आणि आजची गरम हवा लक्षात घेता वीस फेऱ्यांचा फरक मी बिघाड मानत नाही. चारही दिवसांचे फेरे, बूस्ट, ऑइलचे तापमान आणि जागेची उंची पांढऱ्या रंगाने बोनेटच्या आतल्या बाजूला लिहिली आहे. कन्व्हर्टरची पावतीही त्याच गाडीच्या कागदांत ठेवली, आणि तिच्यावरच्या १,८०० पुढे ‘टॉर्क लिहिलेला नाही’ असे पेनाने नोंदवले.

ऑक्टोबरात इंजेक्टरांचा दाब तपासायचा आहे. त्याच्या आधी आणि नंतर प्रत्येकी एक स्टॉल चाचणी घ्यायची.